घड्याळ पळवलं, गेम अडखळला!

कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक केला, स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा फुगला... आणि गेम मात्र झटके खायला लागला? टेन्शन नको! परतवाड्याच्या भर मे महिन्यात तीन दिवस चाललेल्या एका तपासाची ही गोष्ट. कदाचित तुमच्या टेबलाखालच्या कॅबिनेटचीही असेल.

बाइकवाले दोघं भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोन गेमर भेटले की त्यांचाही तसाच एक प्रश्न असतो, ‘एफपीएस किती येतो?’ म्हणजे सेकंदाला किती चित्रं स्क्रीनवर येतात! ६० म्हटलं की मान डोलते, १२० म्हटलं की भुवया उंचावतात आणि कुणी १६५ म्हटलं की चहाचे पैसे त्यालाच द्यायला लावतात. दिवसभर एक्सेल शीटशी झटापट केल्यावर रात्री तासभर मिळणारा गेम हा आपल्यापैकी अनेकांचा हक्काचा ‘मी टाइम’. तो मक्खन चालावा म्हणून चार पैसे जास्त घालायला, रात्र रात्र सेटिंग्ज बदलत बसायला कुणाची ना नसते.

पण अ‍ॅव्हरेज ही गोष्ट बाइकमध्ये जितकी कामाची, तितकीच गेममध्ये फसवी! कसं ते बघा. समजा, एका सेकंदात तुमच्या कार्डाने १०० चित्रं काढली. त्यातली ९९ चित्रं प्रत्येकी ८ मिलिसेकंदांत आली, म्हणजे ७९२ मिलिसेकंद झाले. शंभरावं चित्र मात्र २०८ मिलिसेकंदांनी उगवलं. हिशेब बरोबर एक सेकंद, अ‍ॅव्हरेज झकास १०० एफपीएस! पण त्या एका चित्रासाठी गेम सेकंदाचा पाचवा हिस्सा गोठून राहिला. तेवढ्यात समोरच्याने तुमचा गेम वाजवलेला असतो.

या गोठण्याला गेमर मंडळी ‘स्टटर’ म्हणतात. आपण सरसकट ‘लॅग मारतोय’ म्हणून मोकळे होतो. पण लॅग बहुतेकदा इंटरनेटचा असतो, स्टटर आपल्या डब्यातला. ओळखायची सोपी खूण सांगतो. नेट न लागणारा, एकट्याने खेळायचा गेम लावा. तिथेही झटके बसत असतील तर ब्रॉडबँडवाल्याला शिव्या देऊ नका!

२०११ साली ‘द टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसन यांनी ग्राफिक्स कार्डं तपासताना सेकंदाच्या आत डोकवायला सुरुवात केली. सेकंदाला किती चित्रं, हे मोजण्याबरोबर प्रत्येक चित्राला किती वेळ लागला हे त्यांनी मांडलं. त्यालाच ‘फ्रेमटाइम’ म्हणतात. ६० एफपीएसला प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंदांत यायला हवं, १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर ६.९ मिलिसेकंदांत. त्याचा आलेख सपाट तर गेम गुळगुळीत आणि आलेखात सुया तर गेममध्ये झटके. आज रिव्ह्यूमध्ये अ‍ॅव्हरेजच्या शेजारी ‘वन पर्सेंट लो’, म्हणजे सगळ्यात वाईट एक टक्का चित्रांचा आकडा दिसतो, तो याच विचारातून.

घड्याळाचा फंडा

आता ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय ते थोडक्यात. प्रोसेसर एका ठोक्यावर काम करतो. कंपनीने ठरवून दिलेल्या ठोक्यापेक्षा जास्त वेगाने त्याला पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. कंपनी हातचं थोडं राखून ठेवते, आपण ते वापरून घ्यायचं. फुकटात वेग मिळाला तर कुणाला नको?

या खेळातला दंतकथेसारखा हिरो म्हणजे इंटेलचा सेलेरॉन ३००ए. १९९८ साली आलेला हा स्वस्तातला प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा होता. मदरबोर्डच्या बसचा वेग ६६ वरून १०० वर नेला की हा पठ्ठ्या ४५० मेगाहर्ट्झवर धावायचा. दीडपट वेग, तोही बजेट चिपमध्ये! तेव्हापासून जगभरच्या काटकसरी पोरांना हे वेड लागलं, ते लागलंच.

पण हे गाजर पुरतं फुकटही नव्हे. ठोका वाढवायचा तर बहुतेकदा व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि वीज खाण्याचं प्रमाण व्होल्टेजच्या वर्गाने वाढतं. वेग ५ टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के चढवलं, तर १.०५ गुणिले १.२१, म्हणजे उष्णता सुमारे २७ टक्के जास्त. पाच टक्क्यांच्या मजेसाठी सत्तावीस टक्क्यांचा ताप! पुण्याच्या डिसेंबरात हा ताप अंगाला लागत नाही. वऱ्हाडाच्या मे महिन्यात लागतो.

परतवाड्याची केस

माझा मावसभाऊ परतवाड्याला असतो. पुण्याहून रेल्वेने अमरावती गाठायची, तिथून पन्नासेक किलोमीटर बसने. अचलपूरचं हे जुळं गाव, मागे सातपुडा, भोवती संत्र्याच्या बागा. वर तासाभराच्या अंतरावर गार हवेचं चिखलदरा आहे खरं. पण कॅबिनेट काही रोज तिथे नेता येत नाही. लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग हा पठ्ठ्याचा धंदा आणि रात्री गेमिंग हा छंद. दोन्हीसाठी एकच डेस्कटॉप, हप्त्याहप्त्याने जमवलेला.

एप्रिलमध्ये त्याने व्हिडिओ बघून बघून तो ओव्हरक्लॉक केला. प्रोसेसर सगळ्या सहा कोअरवर ४.३ गिगाहर्ट्झ, १.४० व्होल्ट. ३२०० ची रॅम ३७३३ वर. ग्राफिक्स कार्डाची मेमरी ९०० मेगाहर्ट्झने वर. शिवाय कंपनीचा पंखा काढून झगमगत्या दिव्यांचा लिक्विड कूलर! मे महिन्यात मी सुट्टीवर गेलो, तेव्हा चप्पल काढायच्या आतच तक्रार आली.

‘‘दादा, एफपीएस तं एकशेवीस दाखवते, मंग हे अटकते काहून?’’

प्रश्न अगदी नेमका होता. आकडा खरा होता आणि अटकणंही खरं होतं. सकाळी गेम बरा चालायचा, दुपारी झटके वाढायचे. सुरू केल्यावर पहिली पंधरा मिनिटं सुरळीत, मग दर काही सेकंदांनी हिसका. स्वयंपाकघरातून मावशीने तिचं निदानही देऊन टाकलं, ‘‘अरे, मंग थोडं हळू चालव ना त्याले. कोणती गाडी सुटून राह्यली तुही?’’ आम्ही दोघांनी तेव्हा कानाडोळा केला. तिचं निदान किती बरोबर होतं, ते पुढे कळेलच.

आधी सगळं मूळपदावर

अशा वेळी आपली सवय काय? ड्रायव्हर बदल, विंडोज नव्याने टाक, कुणी सांगितलेलं एखादं ‘बूस्टर’ उतरवून घे... एकाच संध्याकाळी दहा गोष्टी! मग बरं झालं तरी कशाने झालं, हे कळत नाही. म्हणून पहिला नियम एकच. बायॉसमध्ये जाऊन सगळं डिफॉल्टवर आणायचं, ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये रीसेट दाबायचं आणि तोच गेम, तीच जागा, तेवढाच वेळ खेळून बघायचं. झटके गेले तर संशयित घरातलाच. राहिले तर ओव्हरक्लॉक निर्दोष.

आम्ही रिवाट्यूनरने फ्रेमटाइमचा आलेख स्क्रीनवर आणला आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरने तापमान, वेग, व्होल्टेज यांची नोंद फाइलमध्ये सुरू ठेवली. डिफॉल्टवर अर्धा तास खेळलो. दर काही सेकंदांचे हिसके गायब!

एक झटका मात्र उरलाच. नव्या भागात पाऊल टाकलं, नवा स्फोट झाला की गेम क्षणभर थबकायचा. तोच भाग दुसऱ्यांदा खेळला तर सुरळीत. हा वेगळा प्राणी आहे! ग्राफिक्स कार्डाला लागणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे शेडर, अनेक नवे गेम ऐन खेळताना तयार करतात. ते एकदा तयार झाले की साठवले जातात. म्हणून पहिल्या वेळी झटका आणि दुसऱ्या वेळी नाही, असं असेल तर तो दोष गेमच्या बांधणीचा. ड्रायव्हर नवा टाकला की हा साठा पुन्हा बनतो आणि झटके दोन दिवस परत येतात. गेम सुरू होताना ‘शेडर तयार होत आहेत’ असं दाखवत असेल तर घाई न करता ते पुरं होऊ द्यायचं, एवढाच त्यावर उपाय.

एका वेळी एकच संशयित

यानंतर एकेक गोष्ट परत चढवत गेलो. आधी फक्त प्रोसेसर. पंधरा मिनिटं झाली आणि आले की हिसके! पण गंमत अशी की प्रोसेसरचं तापमान होतं ७४ अंश. लिक्विड कूलर आपलं काम चोख करत होता. तरीही नोंदीत दिसत होतं की वेग ४.३ वरून अचानक दोन गिगाहर्ट्झच्या खाली जातो, सेकंदभर राहतो आणि परत वर येतो. आलेख पाहिला तर करवतीचे दातच!

डोकं थंड असलेल्या प्रोसेसरला हुडहुडी कसली भरते? उत्तर त्याच्या शेजारी होतं. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या भोवती एक सर्किट असतं. एसएमपीएसकडून आलेल्या १२ व्होल्टचं ते प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा-दीड व्होल्टमध्ये रूपांतर करतं. त्याला ‘व्हीआरएम’ म्हणतात. ओव्हरक्लॉकचा सगळा करंट इथूनच जातो. ते फार तापलं की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा लगाम खेचतो. आता गंमत बघा. कंपनीच्या जुन्या पंख्याची हवा खाली बोर्डावर आदळायची, त्यात व्हीआरएमलाही आपसूक वारा मिळायचा. लिक्विड कूलर आला, पंखे गेले कॅबिनेटच्या टपावर आणि व्हीआरएमचा वारा बंद! बोर्ड स्वस्तातला, व्हीआरएमवर साधा अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंकही नाही. कूलर महागाचा घेतला आणि त्यानेच झटके वाढले, असा उलटा प्रकार.

खात्री कशी करायची? अगदी देशी पद्धतीने! कॅबिनेटचं झाकण काढलं, घरातला टेबल फॅन समोर ठेवला आणि झोत नेमका व्हीआरएमवर सोडला. पुढची चाळीस मिनिटं एकही हिसका नाही. फॅन बंद केला, दहा मिनिटांत हिसके हजर. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तेच. गुन्हेगार नंबर एक सापडला.

दुसरा नंबर ग्राफिक्स कार्डाचा. इथला समज असा की मेमरी जास्त चढवली तर कार्ड हँग होईल, हँग होत नाही म्हणजे सगळं आलबेल. तसं नसतं! जीडीडीआर५ पासूनच्या मेमरीत चूक पकडायची सोय आहे. एखादी पाठवणी बिघडली की ती पुन्हा पाठवली जाते. चित्र बिघडत नाही, गेम बंद पडत नाही. फक्त वेळ जातो. म्हणून मेमरीचा आकडा वाढवत नेला तर एका मर्यादेनंतर गेम उलट मंदावतो. आम्ही तोच बेंचमार्क चार वेळा चालवला. अधिक शून्य, अधिक ३००, अधिक ६०० आणि अधिक ९००. सहाशेपर्यंत गुण चढले, नऊशेवर घसरले. म्हणजे भाऊ महिनाभर जास्त आकड्यावर कमी वेग घेत बसला होता!

आणि मग रॅम

तिसरा संशयित सगळ्यात शांत होता आणि सगळ्यात घातकी. रॅम ३७३३ वर ठेवून गेम चालवला, तर झटके जवळजवळ नाहीतच. भाऊ म्हणाला, ‘‘हे तं बेस्ट हाये, राहू दे.’’ पण मला त्याची आणखी एक तक्रार आठवत होती. गेल्या आठवड्यात एका लग्नाच्या व्हिडिओत, ऐन वरमालेच्या प्रसंगात, हिरवे चौकोन आले होते. त्याने ते सॉफ्टवेअरचं काहीतरी म्हणून सोडून दिलं होतं आणि पुन्हा रेंडर करून वेळ मारून नेली होती.

रात्री मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून लावून ठेवलं. हे सॉफ्टवेअर विंडोज सुरू न करता थेट रॅमचा कण न् कण लिहून, वाचून तपासतं. दुसऱ्या फेरीत लाल ओळी दिसायला लागल्या. रॅम आपल्या मूळ ३२०० वर आणली आणि पुन्हा चार फेऱ्या लावल्या, तर एकही चूक नाही.

आता याचा अर्थ नीट समजून घ्या. घरगुती कॉम्प्युटरच्या साध्या रॅमला चूक पकडून दुरुस्त करायची पक्की सोय नसते. सर्व्हरमध्ये त्यासाठी ‘ईसीसी’ प्रकारची रॅम वापरतात. डीडीआर५ मध्ये चिपच्या पोटात थोडी दुरुस्ती होते, पण तीही पूर्ण ईसीसीची बरोबरी करत नाही. त्यामुळे साध्या रॅममध्ये एक बिट उलटला तर गेममध्ये फार तर एखादा दगड चुकीच्या रंगाचा दिसेल. पण तीच रॅम कॅमेऱ्याच्या कार्डावरची फाइल हार्ड डिस्कवर कॉपी करतानाही मध्ये असते. तिथे उलटलेला बिट कायमचा लिहिला जातो, कुणालाही न सांगता.

आम्ही त्या महिन्यात कॉपी केलेल्या सगळ्या क्लिप काढल्या आणि ज्यांची मूळ कार्डं अजून पुसली नव्हती त्यांच्याशी ताडून पाहिल्या. दोन क्लिप बिघडलेल्या निघाल्या. कार्डं पुढच्या रविवारच्या लग्नाला रिकामी केली जाणार होती! त्या रात्री दोन्ही क्लिप नव्याने कॉपी झाल्या, म्हणून निभावलं. गेम हरला तर पुन्हा खेळता येतो, पण वरमाला काही पुन्हा घालता येत नाही. त्या घरच्यांना हे कधी कळणारही नाही, पण भाऊ रात्री उशिरापर्यंत गप्प होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की झटका ही कटकट समजून दाबून टाकू नका. मशीन मर्यादेच्या काठावर आलंय, हे सांगण्याची ती त्याची पद्धत आहे. एका झटक्याचा छडा लावताना बाकीच्या गप्प बसलेल्या चुकाही हाती लागतात.

मे महिना नावाचा ओव्हरक्लॉक

आता प्रश्न उरतो की एप्रिलच्या सुरुवातीला हेच मशीन ठीक का होतं? उत्तर खिडकीबाहेर आहे. पंखा असो वा लिक्विड कूलर, तो उष्णता काढून टाकतो ती खोलीच्याच हवेत. खोलीच्या हवेपेक्षा गार तो काहीच करू शकत नाही. खोली १५ अंशांनी तापली की आतला प्रत्येक भाग साधारण तेवढाच तापतो. पुण्यात एसी ऑफिसात बसून कुणी २५ अंशांत घेतलेलं ७० अंशांचं रीडिंग परतवाड्याच्या ४० अंशांच्या दुपारी ८५ होतं. सेटिंग तेच, बोर्ड तोच, गाव वेगळं! व्हिडिओवाले आपली सेटिंग्ज दाखवतात, खोलीचं तापमान मात्र क्वचितच सांगतात.

वऱ्हाडात यावर घरोघरी उत्तर आहे, ते म्हणजे पाण्याचा कूलर. मेच्या कोरड्या हवेत तो खोलीत येणारा वारा सहज दहा-बारा अंशांनी उतरवतो. पण तो कॅबिनेटवर थेट सोडू नका. सोबत तुषार येतात आणि आमच्याकडच्या जड पाण्याचे पांढरे डाग बोर्डावर बसतात. कूलर खिडकीत, कॅबिनेट त्याच्या झोतापासून बाजूला आणि समोरची खिडकी उघडी, ही मांडणी बरी. आणखी एक गोष्ट, पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि कूलरचा गारवा संपतो. जूनमध्ये ढग आले म्हणून लगेच आकडे चढवायला जाऊ नका!

धुळीचं तर विचारूच नका. उन्हाळी वावटळीत उडणारी काळ्या मातीची बारीक धूळ रेडिएटरच्या पात्यांमध्ये जाऊन बसते. भावाच्या रेडिएटरमधून ब्लोअरने जो थर निघाला, त्यात मेथी पेरता आली असती.

विजेचंही एक सांगतो. अनेकांना प्रत्येक झटक्यात व्होल्टेजचा दोष दिसतो. एसएमपीएस कमी पडत असेल तर सहसा कॉम्प्युटर एकदम बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो. खेळ चालू राहून मध्ये मध्ये थबकत असेल तर आधी उष्णता आणि मेमरी तपासा.

दोष दरवेळी ओव्हरक्लॉकचाच?

नाही! म्हणूनच डिफॉल्टची पायरी पहिली. दोन गाजलेली उदाहरणं देतो. २०२२ च्या मार्चमध्ये एएमडीने स्वतः मान्य केलं की काही रायझन सिस्टिममध्ये मधूनमधून येणाऱ्या झटक्यांचं मूळ एफटीपीएम या सुरक्षा सोयीत आहे. ही सोय मदरबोर्डवरच्या बायॉसच्या मेमरीशी बोलायला जायची आणि तेवढ्यात सगळं थबकायचं. लोक मात्र रॅम आणि ग्राफिक्स कार्ड बदलत बसले होते! उपाय निघाला तो नव्या बायॉसचा.

दुसरं उदाहरण २०२४ चं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर गेममध्ये कोसळायला लागले. ओव्हरक्लॉक न केलेलेसुद्धा! प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेत होता आणि त्याने चिप हळूहळू झिजत होती. इंटेलने ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अशा प्रोसेसरवर जुनं बायॉस अजून तसंच असेल तर आज रात्री गेमआधी ते बदला. मायक्रोकोड पुढची झीज टाळतो, झालेली झीज भरून काढत नाही.

वेग की लय?

२०२२ मध्येच एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी आला. त्याचा ठोका त्याच्याच भावंडापेक्षा, ५८००एक्सपेक्षा कमी. कमाल ४.५ गिगाहर्ट्झ, भावंडाचा ४.७. ओव्हरक्लॉकिंगही बंद! पण त्याच्या पोटात ३२ च्या जागी ९६ एमबीचा कॅशे होता. हवी ती माहिती हाताशी असल्याने त्याला दर वेळी रॅमच्या दारात ताटकळावं लागत नव्हतं. गेममध्ये तो भावंडाला मागे टाकून गेला.

हा धडा आपल्या वऱ्हाडाला नवा नाही. भारताच्या परम महासंगणकाचे शिल्पकार विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये परम ८००० उभा राहिला, तेव्हा एकाच प्रोसेसरला बेफाम पळवण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. ६४ ट्रान्सप्युटर एका तालावर कामाला लावले. एक कुणी रखडला की सगळ्यांनी थांबायचं, म्हणून तिथे ताल महत्त्वाचा होता.

भावाच्या मशीनचं शेवटी काय केलं? प्रोसेसर ४.१ गिगाहर्ट्झवर आणि १.२८ व्होल्टवर. वेग पाच टक्क्यांपेक्षाही कमी घटला, पण हिशेबाने उष्णता सुमारे २० टक्के उतरली. व्हीआरएमवर ८० मिलिमीटरचा छोटा पंखा केबल टायने बांधला. कार्डाची मेमरी अधिक ५०० वर, मुद्दाम सहाशेच्या आत. रॅम ३२०० वर. आणि एफपीएसला ९० चं कुंपण! अ‍ॅव्हरेज १२० वरून ९० वर आलं आणि वन पर्सेंट लो मात्र दुपटीहून वर गेला. भावाने अर्धा तास खेळून एवढंच म्हटलं, ‘‘आता हातात आल्यासारखा वाटते.’’ मावशीला आम्ही काही सांगितलं नाही. तिला कळलंच होतं.

गेम अडखळतोय? हे करून बघा!

• सगळं डिफॉल्टवर आणा. झटके राहिले तर बायॉस, ड्रायव्हर, मागे चाललेली सॉफ्टवेअर आणि गेम स्वतः, या क्रमाने शोधा.

• अ‍ॅव्हरेज सोडा, फ्रेमटाइमचा आलेख बघा. रिवाट्यूनर किंवा कॅपफ्रेमएक्स पुरेसं आहे.

• एचडब्ल्यूइन्फोची नोंद घ्या. झटक्याच्या क्षणी वेग पडला का? तापमान कमी असूनही पडला तर व्हीआरएमवर टेबल फॅन सोडून बघा.

• ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ हा रकाना बघायला विसरू नका. दाखवलेला वेग ४.३ आणि प्रत्यक्षातला बराच कमी, असंही व्होल्टेज अपुरं असताना होतं.

• विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया लॉगर’च्या नोंदी दिसल्या तर समजा, हार्डवेअर चुका सावरत धावतंय. ओव्हरक्लॉक कमी करा.

• एका वेळी एकच बदल. तोच गेम, तीच जागा, निदान अर्धा तास.

• रॅमचा वेग बदलला की मेमटेस्ट८६ च्या चार फेऱ्या होईपर्यंत कामाची एकही फाइल कॉपी करू नका. एक्सएमपीसुद्धा ओव्हरक्लॉकच आहे, त्यालाही हाच नियम.

• एफपीएसची मर्यादा अ‍ॅव्हरेजच्या थोडी खाली बांधा. मशीनला श्वास मिळतो आणि लय टिकते.

• ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान साधारणपणे वॉरंटीत बसत नाही. हप्ते फिटायचे असतील तर हे आधी वाचा.

शेवटची टिप. बहुतेक मदरबोर्डच्या बायॉसमध्ये सेटिंग्जचे चार-पाच संच नावाने साठवता येतात. भावाच्या बोर्डात आता दोन आहेत, एकाचं नाव ‘मे’ आणि दुसऱ्याचं ‘डिसेंबर’. कपाटातले स्वेटर काढायच्या दिवशी संच बदलायचा, कूलरचं नवं वूडवूल लावायच्या दिवशी परत बदलायचा. आणि प्रत्येक बदलानंतर एक रात्र मेमटेस्टला द्यायची. तेवढी एक रात्र गेमशिवाय काढायला काही हरकत नाही!